कोईचं घरातलं तळं

जपानच्या निइगाता भागात हिवाळ्यात कित्येक फूट बर्फ साचतं. म्हणून तिथले कोईपालक थंडीआधी मासे मातीच्या तळ्यांतून काढून छपराखालच्या हौदांत आणतात. बागेतलं तळं दुरुस्तीला काढलं तर आपल्यालाही तेच करावं लागतं. लाकडी चौकट, आत जाड प्लास्टिक, वर जाळी. जाळी हवीच, कारण बिथरलेला कोई सहज बाहेर उडी मारतो. जागा तळमजल्यावरचीच निवडा: २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल हौदातलं पाणीच दीड टन भरतं.

खरा प्रश्न गाळणीचा. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही तो त्यांचा जीव घेतो. ड्रममध्ये खाली स्पंज, वर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरून पंपाने पाणी खालून वर फिरवलं की गाळणी तयार. पण ती कामाला लागायला ४ ते ६ आठवडे जातात. घासण्यांवर हळूहळू वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. तिसरं त्यामानाने निरुपद्रवी. एवढा वेळ कुणाकडे असतो? म्हणून जुन्या गाळणीतला मळका स्पंज तसाच आणून घाला. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. त्यांना प्राणवायू सतत लागतो, तेव्हा पंप रात्रीही चालू ठेवा. खाणं निम्म्यावर आणा आणि पहिला महिनाभर अमोनिया रोज तपासा.