चाड्याला व्हार्निश लावू नये

देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर आणि मंठ्याच्या वाटा भेटतात. एकदा तिथं एका भंगाराच्या ढिगाशेजारी मला मोडकी तिफण दिसली. लोखंडी फण कधीच काढून काट्यावर गेले होते. लाकूड चुलीसाठी बाजूला टाकलेलं, आणि त्याच्यावर पालथं पडलेलं चाडं. भंगारवाला म्हणाला, "लाकडाचे पैसे कशाला? घिऊन जा."

ज्यांनी पेरणी ट्रॅक्टरवरच पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. चाडं म्हणजे तिफणीवरचं कोरीव लाकडी भांडं. मूठभर ज्वारी हातात धरून बोटांच्या फटीतून ती चाड्यात सोडत जायचं. तळाशी तीन भोकं, भोकांना बांबूच्या नळ्या, नळ्यांखाली फण. दाणा सारखा पडला पाहिजे. मूठ ढिली झाली की दाट, आखडली की विरळ. म्हणून चाड्यावर मूठ धरायला घरातलं जाणतं माणूस लागायचं, आणि आमच्याकडे ती आत्या असायची.

घरी आणून उजेडात पाहिलं. बाहेरून वाकसाचे घाव जसेच्या तसे, खडबडीत. आतून मात्र काचेसारखं गुळगुळीत, कारण किती खरिपांची आणि रब्बीची ज्वारी तिथून घसरत गेलेली. तीन भोकांच्या कडा सारख्या झिजलेल्या नव्हत्या, मधलं जरा मोठं होतं. काठ एकाच बाजूला बोटभर दबलेला. तिथं मनगट टेकत असणार.

आत्याला दाखवलं तेव्हा मी त्यात मनीप्लांट लावायच्या विचारात होतो. ती म्हणाली, "ह्याच्यात ज्वारी पेरायची असती बाबा. पाणी घालशील तर पावसाळाभरात कुजंल." खरंच होतं ते. बेत रद्द.

मग जे केलं ते एवढंच. कोरड्या ब्रशनं माती काढली. धुतलं नाही, ओल्या फडक्यानं नुसतं पुसलं आणि सावलीत दोन दिवस ठेवलं. परभणीकडच्या मे महिन्याच्या उन्हात जुनं लाकूड ठेवलं की तडकलंच म्हणून समजा. बारीक भोकांतून पिवळसर भुसा पडतोय का ते पाहिलं. पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, तसली वस्तू घरातल्या लाकडाजवळ नेऊ नये. मग जवसाचं तेल फडक्यानं चोळलं, अर्ध्या तासानं जादाचं पुसून घेतलं, चार-पाच दिवसांनी पुन्हा एक हात. तेलाचं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून मगच टाका.

व्हार्निश लावलं असतं तर अर्ध्या तासात चकाकलं असतं, महामार्गावरच्या 'गावरान' ढाब्यासारखं. आता चाडं जिन्याखाली दोरीनं टांगलंय आणि आत एक छोटा दिवा सोडलाय. भोकं पाडावी लागली नाहीत, ती होतीच. संध्याकाळी फरशीवर उजेडाचे तीन ठिपके पडतात, मधला मोठा.

ही अक्कल मला आधी एक वस्तू बिघडवून आली. आजीचं तांब्याचं घंगाळ होतं. लग्नात आलेलं, काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. हिरवट झालं होतं म्हणून एका दुकानात मशीनवर घासून आणलं. तांबं नवरीसारखं दिसायला लागलं आणि नाव गेलं. तिरपं धरून पाहिलं तर 'सौ.' एवढं वाचता येतं. चिंच-मीठ आणि राख होतीच की घरात, पण मला घाई होती.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी पाहताना हे घंगाळ आठवतं. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गोळा केलेला हा संसार 1975 साली राज्य शासनाला देऊन टाकला. तिथं काच आहे. आपल्या घरी धूळ आहे, पोरं आहेत, पाल आहे. म्हणून घरात वस्तू थोड्याच असाव्यात, आणि रोज फडकं मारलं तरी बिघडणार नाहीत अशा.

त्यात दगड सगळ्यात सोयीचे. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावला की काळ्या पाषाणाच्या पोटातून चमकदार स्फटिक निघतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वाफेचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांत पाण्यातली खनिजं साचत गेली. पांढरी ती गारगोटी, फिकट गुलाबी पंख्यासारखं ते बहुधा स्टिल्बाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हेच दगड दिव्याखाली मांडलेत. आमच्याकडे ते खिडकीत आहेत. ॲसिडनं मात्र साफ करू नयेत, स्फटिक खराब होतात.

घरात सुगरणीचा खोपा टांगायचा असेल तर दिवाळीनंतर खाली पडलेलाच उचलावा. झाडावरचा नाही.

आणि एक हौस मुळीच नको. जवळच्या चारठाण्याला प्राचीन मंदिरं आहेत. अशा ठिकाणचा कोरीव दगड अंगणात तुळशीपाशी मांडलेला दिसतो तेव्हा मला तो शोभेचा वाटत नाही. शंभर वर्षं जुन्या शिल्पाला 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि जमिनीत काही सापडलं तर त्यासाठी 1878 पासूनचा निखात निधीचा कायदा आहे. तो दगड देवळापाशीच राहू द्यावा.

तुमच्या गोठ्याच्या आढ्यावर अजून तिफण अडकवलेली असेल, तर फण खुशाल भंगारात द्या. चाडं काढून घ्या, आणि त्याच्यावर मूठ कोण धरायचं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवा.