दीड किलोचं रीळ

मालवणच्या बाजारपेठेतल्या एका घड्याळाच्या दुकानात आता घड्याळं फारशी येत नाहीत. येतात ती मासे गरवायची रिळं. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर कोणी न्यायलाच न आलेली मनगटी घड्याळं पडून आहेत आणि खालच्या फळीवर प्लास्टिकच्या डब्यांत उघडलेली रिळं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव नसतं, होडीचं असतं. आत पाऊल टाकलं की रॉकेल आणि ग्रीसचा वास येतो, आणि त्या दोन्हींखालून वाळलेल्या माशाचा. आमिषाचा चुरा आणि खारं पाणी रिळाच्या पोटात जाऊन बसतं, तिथे सुकतं आणि रीळ उघडलं की बाहेर पडतं. हा वास पुढे कितीतरी दिवस माझ्या वहीला येत होता.

मी तिथे गेले ती देवबागजवळच्या एका होडीत पाहिलेल्या गोष्टीमुळे. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांकडे हलका, सहा फुटी रॉड होता आणि त्यावर चकचकीत रीळ. मासा लागला की त्यांचं तंगूस तुटायचं. शेजारी होडीवाले आजोबा प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस नुसत्या हातानं सोडून बसले होते, आणि त्यांच्या पायाशी तांबोशी जमत होती. तंगूस दोघांचं सारख्याच जाडीचं. मी आजोबांना कारण विचारलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला. तर्जनीच्या पेरावर तंगुसानं पाडलेले चर होते, जुने, पांढरे पडलेले. मासा ओढायला लागला की ते बोट सैल करतात, थकला की आवळतात. "माझा रीळ ह्या," ते म्हणाले. मग पुण्याच्या गृहस्थांकडे मान वळवून हळूच पुढे म्हणाले, "तेंचा काय चुकता ता घड्याळवाल्याक विचार."

घड्याळवाले काका सत्तरीच्या आसपासचे असावेत. डोळ्याला भिंग लावलेलंच असतं; बोलताना ते कपाळावर सरकवतात, पुन्हा काम सुरू झालं की खाली ओढतात. मी बाकावर बसले होते तेवढ्यात एक तरुण आत आला. त्यानं नवी होडी घेतली होती आणि या हंगामापासून पर्यटकांना गरवायला नेणार होता. पाव्हण्यांच्या हातात द्यायला त्याला हलके रॉड आणि छोटी रिळं हवी होती. त्यानं मोबाइल काकांपुढे धरला. रिळाच्या चित्राखाली लिहिलं होतं: १३+१ बेअरिंग, कमाल ड्रॅग ९ किलो.

काकांनी भिंग वर केलं. "नऊ किलो कोणाक दाखवतलस? तुझा तंगूस सहा किलोक तुटता."

रिळाच्या निवडीतला सगळा गोंधळ या एका वाक्यात येतो. ड्रॅग म्हणजे स्पूलवर, तंगूस गुंडाळलेल्या चक्रीवर, बसवलेला अडसर. माशानं ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की स्पूल सरकतं आणि तंगूस बाहेर जाऊ देतं. हलक्या रॉडला साधारण ०.३० मिलिमीटरचं नायलॉन लावतात, ते सहा किलोच्या आसपास तुटतं. गाठ बसली की त्याची ताकद आणखी कमी होते, खडकाला घासलं की आणखी. म्हणून जाणकार ड्रॅग लावतात तो तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला, फार तर तिसऱ्या. सहाचा चौथा हिस्सा दीड. काकांच्या तोंडी दिवसभर हाच आकडा होता. कोणी ताकद विचारली, दीड किलो. कोणी आकार विचारला, आधी दीड किलोचं बोल. खोक्यावर नऊ छापलेलं असो की बारा, हलक्या रॉडवर त्यातलं उरलेलं सगळं कधीच वापरात येत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मात्र त्याचेच मोजतं.

काका हे नुसतं सांगत नाहीत, करून दाखवतात. त्यांच्याकडे मासे तोलायचा साधा स्प्रिंगचा हातकाटा आहे. त्यांनी कपाटातून दोन नवी रिळं काढली, दोन्ही २५०० नंबरच्या आकाराची, किमतीत पाच-सातशेचाच फरक. एक रॉडवर चढवलं, तंगूस कड्यांतून ओवून काट्याच्या आकड्याला बांधलं, रॉड तरुणाच्या हातात दिला आणि काटा सावकाश ओढायला सुरुवात केली. सुई वर चढली, एक, दीड, दोन, जवळजवळ अडीचपर्यंत गेली, तेव्हा कुठे स्पूल झटका देऊन सुटलं आणि सुई धाडकन दीडवर आली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. मग दुसरं रीळ. सुई दीडपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. काका मागे मागे चालत दुकानाच्या दारापर्यंत गेले, स्पूल किरकिरत सरकत राहिलं आणि सुई दीडवरून हलली नाही.

"काटो बघ, खोको बघू नको."

पुण्याच्या गृहस्थांचं तंगूस का तुटत होतं ते मला तेव्हा समजलं. मासा पहिली उसळी मारतो त्या क्षणी स्पूल सुटायला अडखळलं तर सगळा झटका तंगुसावर येतो. लावलेला ड्रॅग बरोबर असतो, पण तो चालू व्हायलाच उशीर लागतो. स्पूलच्या आत फेल्टच्या किंवा कार्बनच्या पातळ चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्या सपाट आणि ग्रीस लावलेल्या असतील तर अडसर एकसारखा राहतो. त्यात पाणी आणि मीठ शिरलं, किंवा रीळ महिनोन्महिने घट्ट आवळून ठेवलं, की चकत्या चिकटतात. आजोबांच्या तर्जनीला हा उशीर नाही.

आणखी एक गोष्ट काकांनी त्याच काट्यावर दाखवली, ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. भरलेल्या स्पूलचा व्यास समजा ४५ मिलिमीटर आहे. माशानं बरंच तंगूस नेलं आणि उरलेल्या वेटोळ्याचा व्यास ३० वर आला, तर त्याच ड्रॅगला आता दीड नाही, सव्वादोन किलोचा जोर लागतो, कारण ओढ केंद्राच्या जवळ आली. म्हणजे मासा लांब गेला, तंगूस ताणलं गेलं, नेमका त्याच वेळी अडसर आपोआप वाढतो. पाहुणा घाबरून तेव्हाच ड्रॅग आणखी आवळतो. तो सैल करायचा असतो.

मग आकाराचा प्रश्न. तरुणाला ४०००चं रीळ हवं होतं, मोठं बरं म्हणून. काकांनी पाणी किती ते विचारलं. सात-आठ वाव. वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा पाणी झालं चौदा मीटरच्या आतबाहेर. २५०० नंबरच्या रिळात ०.३०चं तंगूस सव्वाशे मीटरच्या आसपास मावतं. तळापर्यंत जाऊन माशाला पळायला आठपट उरतं. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, हलक्या रॉडच्या मुठीवर तोल साधतो. ४०००चं चढवलं की मनगट अर्ध्या तासात भरून येतं आणि पाव्हणो रॉड खाली ठेवून मोबाइल काढतो, असं काका म्हणाले. गियरचं प्रमाण ५.२ असलं की हँडलच्या एका फेऱ्याला पाऊण मीटरच्या जवळपास तंगूस आत येतं, वीसेक फेऱ्यांत गरी वर. याहून वेगाची या पाण्यात गरज नाही.

"आणि गोबरो लागलो तर?" तरुणानं विचारलं. प्रश्न रास्त होता. गोबरा लागला की तो पळत नाही, खडकाच्या कपारीत शिरतो, आणि दीड किलोनं त्याला अडवता येत नाही. काकांनी स्पूलवर तळवा टेकवून दाखवला: तेवढ्या क्षणापुरता हात लावायचा, बाहेर आला की सोडायचा. पण मुद्दाम गोबऱ्यासाठीच जायचं असेल तर तंगूस जाड, रॉड वेगळा, रीळही वेगळं. एकाच छोट्या रिळात तांबोशी, मुडदुशी आणि थोराड गोबरा असं सगळं बसवायला गेलं की एकही धड होत नाही.

बेअरिंगचा हिशेब त्यांनी शब्दांनी नाही, चिमट्यानं केला. दुरुस्तीला आलेलं एक तेरा बेअरिंगवालं रीळ डब्यात होतं. त्यांनी बाजूची झाकणी उघडली, आतल्या मुख्य चक्राभोवती हिरवट पांढरा थर होता. एकेक बेअरिंग काढून कागदावर मांडली. दोन तर हँडलच्या बोंडातच होती, जिथे साधं नायलॉनचं बूच चाललं असतं. ज्या चिमुकल्या रोलरवरून तंगूस काटकोनात वळून स्पूलकडे जातं, त्यातलं बेअरिंग मात्र गंजून दगड झालं होतं. रोलर फिरेना, म्हणून तंगूस त्यावर घासून खरबरीत झालं होतं. समुद्रावर सगळ्यात आधी बिघडतो तो हाच भाग. काकांनी तिथे नखाएवढं नवं बेअरिंग बसवलं, त्यावर तेलाचा एकच थेंब सोडला आणि रोलर फुंकरीनं फिरवून पाहिला. बाकीचं रॉकेलमध्ये धुणं, पुसणं, ग्रीस लावणं सवयीचं, ते बोलता बोलता झालं.

हे काम घड्याळवाल्याच्याच हाती यावं याला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं गियरचं रीळ बनवलं, हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल अनेकदा फिरणारं. स्वीडनमधला 'आबू' हा १९२१ साली सुरू झालेला कारखाना मुळात घड्याळांचा. पुढे तो टॅक्सीमीटर बनवू लागला आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा रिळांकडे वळला. आज आपल्याकडे हातोहाती दिसतं ते रॉडखाली लटकणारं, स्थिर स्पूलचं रीळ मात्र कापडगिरणीच्या दुनियेतून आलं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं.

काकांना स्वतःला आवडतं ते स्नायडरच्या वंशातलं, रॉडच्या वर बसणारं गोल मल्टिप्लायर. होडीतून सरळ खाली सोडायचं असतं, लांब फेकायचं नसतं, तिथे तेच बरं असं त्यांचं मत आहे, आणि मला ते पटलं. स्पूल स्वतः फिरतं, तंगूस कुठे मुरडत नाही, अंगठ्याखाली तळ लागल्याचं कळतं. स्थिर स्पूलच्या रिळात पीळ बसतो. त्यातही मासा ड्रॅग ओढत असताना पाहुणा हँडल फिरवतच राहिला तर तंगूस आत येत नाही, एका फेऱ्याला पाच पीळ मात्र पडतात. तरीही काकांनी तरुणाला मल्टिप्लायर दिलं नाही. अंगठा वेळेवर टेकला नाही की त्यात तंगुसाचं जाळं होतं, आणि नवख्याचा अंगठा वेळेवर टेकत नाही. "तुझ्यासाठी एक घे नंतर," ते म्हणाले, "पाव्हण्यांका ह्याच."

तुटलेल्या तंगुसाची गोष्ट होडीत संपत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला; तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. नायलॉन कुजत नाही. प्रत्येक तुटलेल्या तंगुसाबरोबर एक गरी, एक शिसं आणि कित्येक हात दोरा तळाशी अडकून राहतो, आणि तोंडात गरी घेऊन गेलेला मासाही. कोणाच्या हौसेचं रीळ अडखळतं त्याची किंमत तो मासा आणि तो खडक मोजतो. मला हे रिळाच्या किमतीपेक्षा फार महाग वाटतं.

तरुणानं शेवटी काट्यावर स्थिर राहिलेल्या प्रकारचीच दोन रिळं घेतली. काकांनी स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडून तंगूस भरून दिलं, ड्रॅग दीडवर लावून दिला आणि वापर झाला की तो सैल करून ठेवायला सांगितलं. धुवायचं गोड्या पाण्याच्या हलक्या धारेनं. पाइपचा जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. त्या कंपनीच्या चकत्या आणि रोलरची बेअरिंगं सुटी मिळतात, हेही त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

तुम्ही असं छोटं रीळ घ्यायला जाल तेव्हा खिशात पन्नास-शंभर रुपयांचा हातकाटा घेऊन जा. दुकानातच तंगूस बांधून ओढा आणि सुई कुठे थांबते ते पाहा. काटा लावू न देणाऱ्या दुकानातून रीळ घेऊ नका.