चेंडूच्या अंगावरील खळ्या

बीड जिल्ह्यांत गोल्फ या खेळाचें नांव ऐकलेलीं मुलें पुष्कळ सांपडतील. परंतु त्याचा चेंडू हातीं घेतलेलीं विरळाच. क्रिकेटची गोष्ट निराळी. याच बीडच्या सचिन धस यानें २०२४ सालच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या, हें येथील लहान पोरासहि ठाऊक आहे. तथापि चेंडू हवेंत कां तरंगतो व कां वळतो, या प्रश्नाचा उलगडा गोल्फच्या चेंडूवरून फार चांगला होतो. म्हणून त्याची रचना आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

हा चेंडू ४२.६७ मिलिमीटरांहून लहान व ४५.९३ ग्रॅमांहून जड नसावा, असा नियम आहे. त्याच्या सर्वांगावर बहुधा तीनशें ते पांचशें उथळ खळ्या असतात. गुळगुळीत चेंडू अधिक दूर जावा, असें कोणासहि वाटेल. पण अनुभव उलट आहे. १८४८ च्या सुमारास गुट्टापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू निघाले. ते नवे असतां लवकर खालीं पडत. वापरून वापरून अंगावर चरे पडले म्हणजे तेच चेंडू सरळ आणि लांब जात. खेळणाऱ्यांनीं हें ओळखलें, आणि कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम खुणा उठवूं लागले. पुढें १९०५ सालीं विल्यम टेलर या इंग्रज गृहस्थानें खळ्यांच्या रचनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला.

याचें कारण असें. बिंदुसरेला पूर आला असतां पुलाच्या खांबामागें पाण्याची घुसळण दिसते, तशीच वेगानें जाणाऱ्या चेंडूमागें हवेची घुसळण होते. चेंडूच्या अंगास हवेचा एक पातळ थर लागून वाहत असतो. गुळगुळीत चेंडूवरून हा थर मध्यावरच सुटतो, मागची घुसळण रुंद होते, आणि तेथील दाब कमी असल्यामुळें चेंडू जणूं मागें ओढला जातो. खळ्यांमुळें त्या थरांत बारीक भोंवरे उठतात. बाहेरची वेगवान हवा त्यांत मिसळून त्याला बळ येतें, व तो चेंडूच्या पाठीकडे अधिक दूरपर्यंत चिकटून राहतो. घुसळण अरुंद होते आणि हवेचा विरोध सुमारें निम्म्यावर येतो.

आतां फिरकीकडे वळूं. गोल्फच्या काठीचें तोंड तिरकें असल्यानें टोल्यासरशी चेंडूस उलटी फिरकी मिळते; म्हणजे त्याचा वरचा भाग मागें व खालचा पुढें फिरतो. वरून जाणाऱ्या हवेला ही फिरकी साथ देते, खालच्या हवेला अडविते. परिणामीं चेंडूमागें सुटणारी हवा खालीं वळते आणि चेंडू वर उचलला जातो. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनीं १८९० च्या दशकांत या गोष्टीचें गणित मांडलें. फिरकीचा आंस कलला तर हीच शक्ति चेंडूस बाजूला नेते. हें सर्व हवेचें काम होय. १९७१ सालीं अपोलो १४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनीं चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. तेथें हवाच नसल्यानें खळ्यांचा कांहींएक उपयोग नव्हता.

चेंडू बनविणाऱ्यांची खरी अडचण पुढेंच आहे. लांब टोल्यास फिरकी बेताची हवी, मिनिटास अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास. ती फार झाली तर चेंडू नुसता आकाशांत चढतो व अंतर गमावतो. उलट खळग्याजवळच्या हिरवळीवर तो पडतांच थांबावा म्हणून पुष्कळ फिरकी हवी. हीं दोन्ही कामें एकाच चेंडूकडून करवून घेण्यासाठीं त्यास अनेक थर देतात: आंत लवचिक रबराचा गाभा, त्यावर टणक थर व बाहेर पातळ मऊ साल. जोराच्या टोल्यानें गाभा दबतो व फिरकी आटोक्यांत राहते. हलक्या टोल्यांत काठीच्या तोंडावरील खांचा मऊ सालीस धरतात व फिरकी वाढते.

शिवाय चेंडूचा तोल साधावा लागतो. गाभा मध्यापासून किंचित् सरला तरी चेंडू वाट सोडतो. दाट मिठाच्या पाण्यांत तो तरंगवून फिरवावा. प्रत्येक वेळीं तोच भाग वर आला, तर खालची बाजू जड आहे असें समजावें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग साध्या पाण्यांत रबरी चेंडूवर करून पाहावा.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एक विलक्षण चेंडू निघाला. त्याच्या कांहीं भागांवरील खळ्या उथळ ठेविल्या होत्या. तो ठराविक रीतीनें ठेवून मारला असतां वांकड्या टोल्यानेंहि फारसा वळत नसे. पुढें १९८१ सालीं तेथील गोल्फ संघटनेनें नियम केला कीं, कसाहि ठेविला तरी सारखाच उडेल असा चेंडूच सामन्यांत चालेल. आमच्या मतें हा नियम न्यायाचा होय. हाताची चूक चेंडूनें झांकूं नये, आणि हाताचें श्रेयहि चेंडूनें घेऊं नये.

हाताचें श्रेय म्हणजे काय, हें महाराष्ट्रानें बाळू पालवणकर यांच्या ठायीं पाहिलें. पुण्यास इंग्रजांच्या क्लबांत मैदान राखण्याचें काम करीत असतां ते डाव्या हातानें फिरकी टाकण्यांत निष्णात झाले, आणि १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. तरीहि अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म झाल्यामुळें पुण्याच्या हिंदु क्लबांत त्यांना चहा बाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यांत दिला जाई. आणि हिंदु संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. तो मान त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळाला. सर्व बाजूंस सारखा न्याय, हा नियम चेंडूस लावणें माणसांना सोपें गेलें. तो माणसांस लावणें फार जड गेलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं मैदानावर संघ निवडतांना हें विसरूं नये.