काविळीचा भुईआवळा आणि मसाल्याच्या डब्यातले चक्रीफूल
विषाणूंच्या आजारांवर वनस्पतींचे अर्क कितपत उपयोगी?

पावसाळा लागला, नळाला गढूळ पाणी येऊ लागले की आपल्या मोहल्ल्यांत काविळीचे रुग्ण दिसू लागतात. डोळे पिवळे झालेले पाहताच घरातील बुजुर्ग पहिले नाव घेतात ते भुईआवळ्याचे. कोणी मुळासकट उपटून आणतो, कोणी वाटून ताकातून देतो. कोणी गावाकडच्या जाणत्याकडे नेतो, कोणी ताबीज बांधतो. दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण बरा होतो आणि त्या औषधाची कीर्ती आणखी चार घरांत पोहोचते. कोरोनाच्या काळात हेच जोशांदा, गुळवेल आणि कलौंजीच्या बाबतीत झाले. वनस्पतींच्या अर्काने विषाणूंचे आजार खरोखर बरे होतात का, हा प्रश्न म्हणून आपल्या प्रत्येक घराचा आहे. घाईने 'हो' म्हणण्यात धोका आहे आणि तुच्छतेने 'नाही' म्हणणेही बरोबर नाही.

विषाणूवर औषध शोधणे कठीण का?

जिवाणू हा स्वतंत्र जगणारा सूक्ष्म जीव आहे. त्याची रचना आपल्या पेशींहून वेगळी असल्यामुळे आपल्याला इजा न करता त्याला मारणारी औषधे सापडली. विषाणूचे तसे नाही. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला रोखताना आपल्या पेशीलाही मार बसू शकतो.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर एखादा अर्क टाकला आणि विषाणू वाढला नाही, तर तेवढ्यावर आनंद मानता येत नाही. ज्येष्ठमधाचे उदाहरण पाहू. जोशांद्यात आपण जी मुलेठी घालतो तीच ही. 2003 साली सार्सची साथ आली तेव्हा जर्मनीतील फ्रँकफर्टच्या संशोधकांना असे दिसले की ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य बशीतील सार्सच्या विषाणूला रोखते. पण त्यासाठी लागणारे प्रमाण बरेच मोठे होते. तेवढे द्रव्य पोटातून रक्तात पोहोचेल का, पोहोचले तर टिकेल का, हे वेगळे प्रश्न आहेत. शिवाय ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम कमी होते. घसा खवखवत असताना मुलेठीचा तुकडा चघळणे वेगळे आणि 'विषाणू मारण्यासाठी' महिनाभर काढा पिणे वेगळे.

भुईआवळ्याची गोष्ट

आता काविळीकडे येऊ. भुईआवळ्याला शास्त्रज्ञांनी दुर्लक्षिले असे कोणी म्हणू नये. ज्यांनी 'कावीळ ब'चा विषाणू शोधून काढला आणि त्यासाठी 1976 चे नोबेल पारितोषिक मिळवले, त्या बारूच ब्लमबर्ग यांनीच या वनस्पतीकडे लक्ष दिले. त्यांच्या गटाने 1987 साली दाखवले की भुईआवळ्याचा अर्क या विषाणूच्या वाढीला लागणाऱ्या एका घटकाला अडवतो. वुडचक या खारीच्या कुळातील प्राण्यांवरही त्यांनी प्रयोग केले.

पुढच्याच वर्षी मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन आणि ब्लमबर्ग यांच्या गटाचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांच्या रक्तात 'कावीळ ब'चा विषाणू ठाण मांडून बसला होता अशा लोकांना 30 दिवस भुईआवळ्याची पूड देण्यात आली. काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली पूड दिली. खरे औषध घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. दुसऱ्या गटातील 23 पैकी फक्त एकाची झाली. हे आकडे पाहून कोणालाही वाटावे की औषध सापडले.

मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. थायलंडमधील चाचणीत हा परिणाम दिसला नाही. अन्य ठिकाणचे निकालही एकमेकांशी जुळेनात. यामागे एक अडचण अशी की भुईआवळा या एका नावाने ओळखली जाणारी रोपे अनेक जातींची असतात. ती एकमेकांसारखी दिसतात आणि बाजारात सरमिसळ होऊन विकली जातात. रोप कोणत्या जमिनीत वाढले, कधी तोडले, कसे सुकवले यानेही अर्क बदलतो. शेवटी 2011 साली कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी सर्व चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या भुईआवळ्याने 'कावीळ ब'च्या जुन्या रुग्णांना फायदा होतो, असा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग आपल्याकडे रुग्ण बरे कसे होतात?

कारण कावीळ हा एक आजार नाही. दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणारी 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. अल्लाहने शरीरालाच ती शक्ती दिली आहे. या काळात जो कोणी जे काही देईल, त्याला यश मिळते.

'ब' प्रकार रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. धडधाकट प्रौढाला लागण झाली तर 100 पैकी सुमारे 95 जणांचे शरीर विषाणूला स्वतःच हाकलून देते. पण नवजात बाळाला लागण झाली तर चित्र नेमके उलटे असते. 100 पैकी सुमारे 95 बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो आणि पुढे यकृत निकामी होण्याचे किंवा यकृताच्या कर्करोगाचे कारण ठरू शकतो. अशा माणसाचे डोळे वर्षानुवर्षे पिवळे होत नाहीत. त्याला वाटते, मी बरा आहे.

खरा धोका इथे आहे. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणून जो रक्ताची तपासणी करत नाही, त्याला आपल्याला कोणती कावीळ झाली होती हे कळतच नाही. आणि 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर ती फार घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. घरात गरोदर सून किंवा लेक पिवळी दिसली तर झाडपाल्यात एक दिवसही घालवू नये.

मसाल्याच्या डब्यातून आलेले औषध

वनस्पतींपासून विषाणूविरुद्ध काहीच मिळाले नाही असेही नाही. बिर्याणीत आपण जे चक्रीफूल, म्हणजेच बादियानचे फूल घालतो, त्यात शिकिमिक आम्ल असते. त्यापासून बरीच रासायनिक प्रक्रिया करून ओसेल्टामिविर हे फ्लूचे औषध बनवले गेले. 'टॅमिफ्लू' या नावाने ते आपल्याला माहीत आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी गेला, तेव्हा याच गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यांबाहेर रांगा लागल्या होत्या.

पण हे लक्षात घ्यावे की चक्रीफुलातील शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला मारत नाही. तो कच्चा माल आहे. चक्रीफूल उकळून प्याल्याने टॅमिफ्लू प्याल्यासारखे होत नाही. शिवाय त्याचेच भावंड असलेले जपानी चक्रीफूल विषारी आहे आणि दिसायला जवळजवळ सारखेच असते.

अमेरिकेत हिरव्या चहाच्या अर्काचे मलम विषाणूमुळे येणाऱ्या एका प्रकारच्या चामखिळीसाठी 2006 साली मंजूर झाले. म्हणजे अर्क म्हणूनही औषध मान्य होऊ शकते. त्यासाठी त्यातील द्रव्यांचे प्रमाण ठरलेले असावे लागते आणि माणसांवरील चाचणीत ते उतरावे लागते.

आपला वारसा काय सांगतो?

ही कसोटी आपल्याला परकी नाही. हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये औषध तपासण्याचे नियम लिहून ठेवले. औषध एकाच साध्या आजारावर तपासावे, त्याचा परिणाम पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, आणि प्राण्यावर तपासून न थांबता माणसावर तपासले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. भुईआवळा अडखळला तो 'पुन्हा पुन्हा' याच नियमापाशी.

कलौंजीबद्दलही एक शब्द लिहायला हवा. तिचा उल्लेख हदीसमध्ये आहे आणि तिच्याविषयी आपल्या मनात आदर आहे. पण काही जुन्या भाष्यकारांनीही त्या हदीसचा अर्थ सरसकट न घेता ठरावीक प्रकृतीच्या आजारांपुरता घेतला आहे. कलौंजी खावी, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करावे असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. इलाज करून घेणे ही सुन्नत आहे, आणि वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानाची जबाबदारी येते, हीदेखील आपलीच शिकवण आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कोरोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घराघरात उकळला गेला. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. वाद काहीही असो, ज्या घरात वेल ओळखण्यात चूक होऊ शकते त्या घराला धोका दोन्ही बाजूंनी आहे. बिनलेबलच्या काही पुड्यांत शिसे आणि पारा सापडल्याच्याही नोंदी आहेत.

घराने काय करावे?

सर्दी-पडशात जोशांदा, आले, मुलेठी जरूर घ्यावी, घशाला आराम पडतो. रक्तदाबाच्या रुग्णाने मुलेठी टाळावी आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. काविळीत कोणताही झाडपाला देण्याआधी रक्त तपासून प्रकार ठरवून घ्यावा. झोप अनावर होणे, असंबद्ध बोलणे, उलट्या न थांबणे, रक्तस्राव, पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्यावे. आधीच काही घेतले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

गरोदरपणात 'कावीळ ब'ची तपासणी करून घ्यावी आणि बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत पहिली लस टोचून घ्यावी. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली 'ब' आणि 'क' प्रकारच्या काविळीची तपासणी व औषधे मोफत देण्याची सोय आहे. 'क' प्रकार तर बहुतेक रुग्णांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात याची चौकशी करावी. आणि पावसाळाभर पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ घरात येते ती बहुधा पाण्यातूनच.