लॅपटॉपवरचं ‘फ्री ऑफिस’ नक्की किती फ्री असतं?

कॉलेज सुरू झालं की एक मेसेज हमखास येतो. “दुकानात सांगितलं ऑफिस फ्री आहे, मग महिनाभराने ते पैसे का मागतंय?” आजचा एपिसोड यावरच. पण आधी थोडं मागे जाऊ, कारण ही पद्धत जुनी आहे आणि जुनी गोष्ट कळली की आजची लगेच कळते.

एक होतं मायक्रोसॉफ्ट वर्क्स. आपल्याकडे असेंबल्ड कॉम्प्युटर आणि त्यात दुकानदाराने टाकलेलं पायरेटेड ऑफिस असा जमाना होता, त्यामुळे हे नाव तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलंही नसेल. पण ब्रँडेड कॉम्प्युटरबरोबर, विशेषतः परदेशात, ते वर्षानुवर्षं येत होतं. लिहायची सोय, हिशेबाची सोय आणि एक छोटा डेटाबेस. पत्र, अर्ज, घरखर्च, एवढ्यासाठी अगदी पुरेसं.

खरी गोम होती ती फाइलमध्ये. वर्क्समध्ये लिहिलेलं साध्या पद्धतीने सेव्ह केलं की ते डब्ल्यूपीएस नावाच्या वेगळ्याच फॉरमॅटमध्ये जायचं. ती फाइल वर्ड वापरणाऱ्याला पाठवली की त्याच्याकडे बऱ्याचदा उघडायचीच नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागायचा. सेव्ह करताना फॉरमॅट बदलता यायचा, नाही असं नाही. पण सांगा बरं, समोर जे आहे ते सोडून दुसरा पर्याय कोण निवडतं? प्रोग्रॅम फुकट, पण लिहिलेलं त्याच्यातच अडकलेलं.

मग २०१० मध्ये वर्क्सच्या जागी ऑफिस स्टार्टर आलं. यात फक्त वर्ड आणि एक्सेल, पॉवरपॉइंट नाहीच. उजव्या बाजूला एक छोटी जाहिरात कायम दिसायची. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस नाही, एक्सेलमध्ये पिव्हट टेबल नाही, मॅक्रो चालत नाहीत. आणि हे डाउनलोड करता येत नव्हतं, नव्या कॉम्प्युटरवर आधीच असायचं तेवढंच. लोकांनी त्या जाहिरातीची बरीच थट्टा केली. मला मात्र तो सौदा वर्क्सपेक्षा सरळ वाटतो. का? तर फाइल सेव्ह व्हायची ती नेहमीच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्समध्ये. उद्या स्टार्टर काढून टाकलं तरी तुमचं लिखाण दुसरीकडे उघडणार. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते देणं थांबवायचं ठरवलं.

आता आजचा लॅपटॉप. दुकानातला ‘ऑफिस फ्री’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ट्रायल. ती संपली की फाइल उघडते, वाचता येते, प्रिंटही निघते, फक्त एडिट होत नाही. नेमकं प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलं तर घाम फुटतो. पण घाबरू नका, लॅपटॉपवरची तुमची फाइल कुठे गेलेली नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘लाइफटाइम’ ऑफिस. होम अँड स्टुडंट २०२१ किंवा होम २०२४ असं काहीतरी नाव असतं. आता लाइफटाइम कुणाचं? लॅपटॉपचं, तुमचं नव्हे! मशीन बदललं की ते बरोबर येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲक्टिव्हेट करताना जे मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकाल, त्याला ते लायसन्स कायमचं जोडलं जातं. म्हणून दुकानातला मुलगा “मी करून देतो” म्हणाला तर हसून नको म्हणा. त्याने स्वतःच्या अकाउंटवर केलं, तर उद्या विंडोज पुन्हा टाकायची वेळ आल्यावर तुम्ही त्यालाच शोधत फिरणार. घरी या, स्वतःच्या ईमेलवर करा, पासवर्ड लिहून ठेवा. आणि याला मुदत असते, त्यामुळे दिवाळीपर्यंत टाळत बसू नका.

ट्रायल संपली, पैसे नाहीत, मग? ब्राउझरमध्ये वर्ड आणि एक्सेल फुकट चालतं, बरोबर ५ जीबी जागा मिळते. फोनवरच्या ॲपमध्येही साधं एडिटिंग होतं. बसमध्ये उभ्याउभ्या रेझ्युमेतली तारीख बदलायला तेवढं बास.

आणि नेट नसताना काम करायचं असेल तर लिबर ऑफिस. पूर्ण मोफत, ट्रायल वगैरे भानगड नाही, मेनूसुद्धा मराठीत करता येतात. एकच सांगतो, वर्डमध्ये केलेली टेबलं आणि फॉन्ट इथे कधीकधी थोडे हलतात. म्हणून सरांना किंवा एचआरला पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा.

हो, आणि घरात एखादा जुना ब्रँडेड कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, त्यात डब्ल्यूपीएसवाल्या फाइली सापडल्या, तर त्या डिलीट करू नका. लिबर ऑफिस वर्क्सच्या फाइलीही उघडतं. उघडली की लगेच डॉकएक्समध्ये सेव्ह करून टाका.