देहूरोडची बुद्धमूर्ती आणि तिबेट

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पिंपरी-चिंचवड, चाकणचे कामगार बांधव दरवर्षी त्या दिवशी तेथे सहकुटुंब वंदनेला जातात. पण त्याआधी चारच महिने, २६ ऑगस्टला, बाबासाहेब राज्यसभेत तिबेटविषयी काय बोलले, हे किती जणांना ठाऊक आहे?

नेहरूंच्या पंचशील धोरणावर त्यांनी कडक टीका केली. माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना असे वागवले नसते, असे त्यांनी सुनावले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देणे म्हणजे चीनची सीमा आपल्या दाराशी आणणे, हेही बजावले.

पुढे १९५९ मध्ये दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला. १९९५ मध्ये पंचेन लामा म्हणून घोषित झालेल्या सहा वर्षांच्या मुलाला चीनने ताब्यात घेतले. तो पुन्हा जगासमोर आलाच नाही. २००७ पासून लामांच्या पुनर्जन्मालाही चिनी सरकारची मंजुरी लागते!

लामांचा पुनर्जन्म आपल्या धम्मात बसत नाही. न बसो! कोणी काय मानावे हे सरकारने ठरवायचे नसते. आपल्या संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य केवळ नागरिकांना नव्हे, ‘सर्व व्यक्तींना’ देते. म्हणूनच गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या वसाहतीत तिबेटी निर्वासित निर्भयपणे वंदना करू शकतात. हाच हक्क त्यांना ल्हासातही मिळाला पाहिजे.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवरून तिबेटसाठी एक ठराव झालाच पाहिजे. जयभीम!