पुरलेल्या कापडाची साक्ष

जमिनीचा कस ओळखण्याच्या रीती आपल्या शेतकऱ्यांस पुष्कळ ठाऊक आहेत. मातीचा रंग, ढेकूळ हातांत कसें फुटतें, नांगराच्या तासांत गांडुळें दिसतात कीं नाहीं, एवढ्यावरून अनुभवी मनुष्य बरेंच कांहीं सांगतो. त्यांत अलीकडे कागदाची भर पडली. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें सुरू झालेल्या योजनेअन्वयें जी मृद-आरोग्य पत्रिका मिळते, तींत बारा गोष्टींचे आंकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल व बोरॉन, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयुक्त खरीच. परंतु ती वाचून गांवच्या पारावर वाद रंगल्याचें क्वचितच ऐकूं येतें. ती बहुधा पेटींत जाते, आणि दुकानांत गोणी मागितली जाते ती जुन्याच सवयीनें. शिवाय त्या बाराही आंकड्यांत मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या हालचालीची मोजदाद कोठेंच नाहीं.

जी गोष्ट पत्रिकेंत येत नाहीं ती लोकांच्या डोळ्यांपुढें कशी आणावी, याचा एक विलक्षण मार्ग २०२१ सालीं स्वित्झर्लंडांत चोखाळण्यांत आला. तेथील सरकारी कृषि-संशोधन संस्था अ‍ॅग्रोस्कोप व झूरिक विद्यापीठ यांनीं सुमारें एक हजार नागरिकांस प्रत्येकीं दोन पांढऱ्या सुती चड्ड्या पाठविल्या, आणि त्या आपापल्या शेतांत, बागेंत अथवा हिरवळींत पुराव्या अशी विनंती केली. वाचकांनीं हंसूं नये. निदान पुढचा मजकूर वाचीपर्यंत तरी. एक चड्डी महिन्यानें व दुसरी दोन महिन्यांनीं उकरावयाची होती. सोबत चहाच्या पुड्याही पुरावयाच्या होत्या. उपक्रमाचें नांवही 'पुराव्याची वस्तु: चड्डी' अशाच अर्थाचें होतें, आणि मार्सेल व्हान डर हायडेन हे मृदा-शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते.

ही कल्पना मूळची स्वित्झर्लंडची नव्हे. अमेरिका व कॅनडा येथील शेतकरी त्यापूर्वींच आपल्या शेतांत सुती चड्ड्या पुरून पाहत होते, आणि ऑस्ट्रेलियांतील न्यू इंग्लंड विद्यापीठानें तेथील कापूस-उत्पादकांसही या खेळांत ओढलें. उकरलेल्या चड्ड्या ओळीनें दोरीवर टांगल्या म्हणजे एखाद्याची जवळजवळ नवी दिसते, तर शेजारच्याच्या शेतांतून केवळ कमरेचा रबरी पट्टा व शिलाईचा कृत्रिम धागा हातीं लागतो. हंसण्यास आलेला मनुष्य त्या दोरीपुढें थांबतो आणि याच्या शेतांत असें काय आहे, म्हणून विचारूं लागतो. व्याख्यानाच्या शेवटीं "कोणास कांहीं शंका आहे काय?" असें विचारून जी शांतता पसरते, तिचा अनुभव ज्यांस आहे त्यांस या प्रश्नाची किंमत कळेल.

आतां यांतील शास्त्र. कापसाचा तंतु बहुतेक सर्वस्वी सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा असतो. पालापाचोळा, काड व धसकटें यांचाही तोच मुख्य घटक. मातींतील बुरशी व जिवाणु विकर नांवाचे पाचक रस सोडून त्याची साखर करतात व तीवर जगतात. म्हणजे कापड कुजविणारे हात आणि धसकटाचें खत करणारे हात एकच. आपल्याकडे मर रोगावर बियाण्यास चोळतात ती ट्रायकोडर्मा बुरशी याच धंद्यांतली. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचें सुती कापडी सामान भराभर कुजूं लागलें. त्याचें कारण शोधतांना तंबूच्या कापडावर या कुळांतील एक जात सांपडली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला १९७७ सालीं ट्रायकोडर्मा रीसी असें नांव मिळालें. सैन्याची ती वैरीण आज कारखान्यांत सेल्युलोज फोडणारीं विकरें तयार करण्याच्या कामीं लागली आहे.

तथापि जितकें कापड अधिक कुजलें तितकी जमीन उत्तम, असा सरळ हिशेब मांडतां येत नाहीं. कापसांत नत्र नाममात्र. तेव्हां कापड खाणारे जीव तें मातींतून उचलतात, आणि नुकताच युरिया दिलेल्या शेतांत कुजण्यास वेग येऊं शकतो. ओल व ऊब यांनींही वेग वाढतो. पाणी साचून हवा कोंडली कीं तो मंदावतो. सेंद्रिय द्रव्य जमिनींत टिकतें कीं नुसतें उडून जातें, हें तर एकट्या कापडावरून कळतच नाहीं. येथें चहाच्या पुड्या उपयोगी पडतात. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या रीतींत हिरवा चहा व रुइबॉस नांवाची आफ्रिकेंतील वनस्पति यांच्या पुड्या आठ सेंटिमीटर खोल सुमारें नव्वद दिवस पुरतात. पहिला लवकर कुजतो, दुसरी सावकाश. दोहोंच्या घटलेल्या वजनावरून कुजण्याचा वेग व टिकणारा अंश हीं दोन्हीं काढतां येतात.

आपल्या गांवीं हा प्रयोग करण्यास चड्डीच हवी असें नाहीं. पाटलांच्या वाड्यावर ती टांगण्यास संकोचही वाटेल. कोऱ्या मांजरपाटाचे वीतभर चौकोनी तुकडे पुरे. खळ धुऊन काढावी, कारण खळ हेंही सूक्ष्म जीवांचें अन्न आहे. वाळवून सोनाराच्या काट्यावर वजन करावें. मृगाचा वा आर्द्राचा पाऊस जिरल्यावर तुकडे वीतभर खोल पुरावे व जागा सांपडावी म्हणून नायलॉनची दोरी बांधून ठेवावी. एक तुकडा बांधाच्या न खणलेल्या गवताखालीं, एक नांगरटीच्या मध्यभागीं, एक शेणखत घातलेल्या तुकड्यांत आणि असल्यास एक चिबड जमिनींत. आपलें हवामान उष्ण असल्यामुळें दोन महिने थांबल्यास सर्वच तुकडे नाहींसे होऊन तुलना हातची जाण्याचा संभव आहे. म्हणून प्रत्येक जागीं तीन तुकडे पुरून तीन, सहा व नऊ आठवड्यांनीं एकेक काढावा.

पोळ्यास सर्व गांव वेशीपाशीं जमतो. तेथें दोन खांबांस दोरी बांधून हे तुकडे टांगावे. खालीं पीक, खत व मशागत एवढेंच लिहावें. मालकाचें नांव लिहूं नये. कोणतें कापड कोणाच्या शेतांतलें हें लोकांनीं अगोदर ओळखावें, पैजा लागल्या तरी हरकत नाहीं, आणि नंतर ज्याचें त्यानें पुढें येऊन सांगावें. नांव प्रथमच टांगल्यास ज्याचें कापड कोरें निघालें तो पुढच्या वर्षीं फिरकणार नाहीं, आणि खरी गरज तर त्याचीच असते. त्याच्या शेतांत दुसऱ्या दिवशीं चौघांनीं जाऊन हातभर खड्डा खणावा: खालीं पाणी साचतें काय, नांगराच्या तळाशीं घट्ट थर बसला आहे काय, मुळ्या त्या थरावर आडव्या वळल्या आहेत काय, हें पाहावें, आणि पेटींतील मृद-आरोग्य पत्रिका बाहेर काढून तींतील सेंद्रिय कर्बाचा आंकडा तेथेंच वाचावा.